हृदय घड्याळ नव्हे

नियमितपणा हा फार मोठा सद्गुण आहे, असे आपणा सर्वांना लहानपणापासून शिकविण्यात येते. शाळेची घंटा, आगगाडीचे वेळापत्रक, सकाळच्या दुधाचा रतीब, या सर्वांकडून आपण एकच अपेक्षा करतो, ती म्हणजे वेळ चुकता कामा नये. अशा अचूक वागणुकीला उपमा द्यायची झाली की घड्याळाच्या खालोखाल आपण हृदयाचे नाव घेतो. काळजाचा ठोका चुकला, हा वाक्प्रचार आपल्या भाषेत भीतीचा आहे. तेव्हा ठोका चुकू नये, म्हणजे तो एकसारखा पडावा, हेच आरोग्य, अशी सर्वांची समजूत असल्यास नवल नाही.

मौज अशी, की निरोगी हृदय कधीही घड्याळासारखे चालत नाही. मिनिटाला सत्तर ठोके पडले याचा अर्थ सत्तर सारखे तुकडे पडले असा होत नाही. दोन ठोक्यांमधले एक अंतर आठशे मिलिसेकंदांचे असेल, तर पुढचे साडेआठशेचे, त्याच्या पुढचे नऊशेचे, आणि मग पुन्हा कमी. माणूस स्वस्थ निजलेला असला तरी हा चढउतार चालूच असतो. एवढेच नव्हे, तर तो थांबला, ठोके अगदी टाकाच्या घड्याळासारखे पडू लागले, तर पुष्कळदा ती धोक्याची सूचना असते. ही गोष्ट माणसाला उमगायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. मी वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. पोरांना शिकवावे आणि कादंबऱ्या लिहाव्या, एवढाच माझा व्यवसाय. परंतु या शोधाचा इतिहास मला एखाद्या कादंबरीहून कमी वाटला नाही, म्हणून दिवाळीच्या निवांतपणात तो वाचकांपुढे मांडीत आहे.

नाडीवर बोट ठेवण्याची कला फार जुनी. इसवी सनापूर्वी सुमारे तीनशे वर्षे अलेक्झांड्रिया नगरीत हीरोफिलस नावाचा एक वैद्य होता. रोग्याकडे जाताना तो पाण्याचे घड्याळ बरोबर नेई आणि ठराविक पाणी गळेपर्यंत नाडी किती वेळा उडाली ते मोजी, अशी नोंद मागे राहिली आहे. नाडीला तो संगीतातल्या लयीची उपमा देई. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाडीपरीक्षेला फारसे स्थान नाही. तिचे स्पष्ट वर्णन येते ते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत. तिथे नाडीची गती आकड्यांनी सांगितलेली नसून प्राण्यांच्या चालीने सांगितली आहे. वात वाढला तर नाडी जळूसारखी वा सर्पासारखी चालते, पित्त वाढले तर कावळ्यासारखी किंवा बेडकासारखी उड्या घेते, कफ वाढला तर हंसासारखी वा पारव्यासारखी डुलत जाते. थांबून थांबून चालणारी नाडी मात्र प्राणघातक मानली आहे. या वर्गीकरणाला आजचे विज्ञान मान्यता देईल असे नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, ती ही की या जुन्या वैद्यांना नाडी किती यापेक्षा नाडी कशी हा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. चाल पाहायची तर दोन पावलांतले अंतर पाहावे लागते, नुसती पावले मोजून भागत नाही.

पुढे युरोपात मोजणीचे युग आले. पिसा येथील देवळात टांगलेला दिवा हेलकावताना पाहून तरुण गॅलिलिओने स्वतःच्या नाडीने त्या हेलकाव्यांचा काळ मोजला, अशी दंतकथा त्याच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. ती खरी असो वा नसो, तिचे उलटे टोक मात्र खरे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या सांतोरिओ नावाच्या वैद्याने लंबकानेच नाडी मोजण्याचे साधन केले. दोरीला गोळी बांधायची, आणि तिचा हेलकावा नाडीशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची. जुळली की दोरीची लांबी पाहायची. रोग्याची नाडी चक्क लांबीच्या मापात सांगता येऊ लागली! त्यानंतर १७०७ साली इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावच्या सर जॉन फ्लॉयर या डॉक्टराने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेऊन नाडीच्या मोजणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज डॉक्टर मनगट धरून घड्याळाकडे पाहतात ती परंपरा इथली.

या मोजणीने वैद्यकाचे कल्याण झाले यात शंका नाही. पण मिनिटाच्या त्या पोतडीत सत्तर ठोके एकदा भरले, की त्यांतला प्रत्येक ठोका आपले वैशिष्ट्य हरवून बसतो. वर्गाचे सरासरी गुण पन्नास आले म्हणून प्रत्येक मुलाला पन्नास मिळाले असे होत नाही, हे शिक्षकाला कोणी सांगायला नको. सरासरीत एखादा शंभरावर बसलेला असतो आणि एखादा बिचारा शून्यावर. हृदयाच्या बाबतीत पुढची दोन-अडीचशे वर्षे बव्हंशी सरासरीचे राज्य चालले.

तरीही काही माणसांच्या नजरेतून तो चढउतार सुटला नाही. इंग्लंडात टेडिंग्टन येथे स्टीफन हेल्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. देवळातली प्रार्थना आटोपली की हा सत्पुरुष प्रयोगांकडे वळे. त्याने एका जिवंत घोडीला बांधून आडवी पाडली, तिच्या रोहिणीत पितळेची नळी खुपसली आणि त्या नळीला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच वर चढले. रक्तदाबाची ही पहिली मोजणी. तिचा वृत्तान्त १७३३ साली छापला गेला. वाचताना अंगावर काटा येतो. त्या मुक्या जनावराचे ऋण मानवजातीवर आहे, हे विसरता कामा नये. नळीतल्या त्या लाल स्तंभाकडे पाहता पाहता हेल्सच्या लक्षात आले, की स्तंभ प्रत्येक ठोक्याला तर वरखाली होतोच, पण श्वासोच्छ्वासाच्या लाटेबरोबरही तो हलतो.

डोळ्यांनी पाहिलेले विसरले जाते, कागदावर उमटलेले राहते. १८४७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग याने काजळी धरलेला एक फिरता दंडगोल तयार केला. पाऱ्याच्या नळीवर तरंगता बोरू बसवला, की रक्तदाबाची प्रत्येक लाट त्या काजळीवर आपोआप रेखली जाई. हृदय प्रथमच स्वतःच्या हाताने आपली रोजनिशी लिहू लागले म्हणा ना! त्या रेघांत लुडविगला स्वच्छ दिसले, की कुत्र्याने श्वास आत घेतला म्हणजे ठोके जवळ येतात आणि सोडला म्हणजे लांब जातात. पुढील तीस वर्षांत ट्राउबे, हेरिंग आणि मायर या तिघांनी आणखी संथ लाटा शोधल्या. त्यांतली एक सुमारे दहा सेकंदांनी येते आणि ती आजही मायरच्या नावाने ओळखली जाते.

आता प्रश्न असा, की हृदयाला हे श्वासाचे वर्तमान कळवतो कोण?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर हृदयातच आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या केंट परगण्यात आर्थर कीथ हे शरीरशास्त्रज्ञ आपल्या खेड्यातल्या घरी राहत होते. मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करी. एके दिवशी कीथ पतिपत्नी सायकलवरून फेरफटका मारून परतली, तो हा पोरगा आनंदाने वेडा झालेला. चिचुंदरीसारख्या बिळात राहणाऱ्या एका लहानशा प्राण्याच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, उजव्या कप्प्याच्या वरच्या अंगाला त्याला एक चमत्कारिक गाठ दिसली होती. पुढच्या वर्षी दोघांनी ती प्रसिद्ध केली. हृदयाचा ठोका जिथे जन्म घेतो ती हीच गाठ. तिला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. सर्व नसा तोडून तिला एकटी सोडली, तर मोठ्या माणसात ती मिनिटाला सुमारे शंभराच्या आसपास ठोके पाडीत राहते.

मग आपले ठोके सत्तरच का? कारण त्या गाठीवर सतत लगाम आहे. मेंदूच्या देठापासून निघून मानेतून, छातीतून, थेट पोटापर्यंत उतरणारी एक नस आहे. तिचे नाव व्हेगस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ भटक्या. वेबर नावाच्या दोन जर्मन भावांनी १८४५ साली दाखवून दिले, की ही नस चेतवली तर हृदय मंदावते, फार चेतवली तर क्षणभर थांबतेही. नस चेतवल्यावर अवयव कामाला लागतो हे ठाऊक होते. नस चेतवल्यावर अवयव थांबतो हे अघटित होते. व्हेगसच्या उलट कामाच्या नसांना अनुकंपी नसा म्हणतात. त्या टाच मारतात, व्हेगस लगाम ओढते. लगामाचे काम एका-दोन ठोक्यांत जाणवते, टाचेचा परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. आपण श्वास आत घेतो तेव्हा मेंदू लगाम किंचित सैल सोडतो, श्वास सोडतो तेव्हा तो पुन्हा आवळतो. झरझर बदलणारे आणि संथ बदलणारे असे दोन कारभारी एकाच घोड्यावर बसले, म्हणजे त्याच्या चालीत लहान-मोठ्या लाटा उठणारच.

हा लगाम असतो तरी कशाचा? त्याचे उत्तर स्वप्नात सापडले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. एका रात्री त्यांना एक प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्यांनी तो चिठोऱ्यावर लिहिला आणि सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. आता मात्र ते चिठोऱ्यावर विसंबले नाहीत. उठून तडक प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदये घेतली. एकाची व्हेगस चेतवून त्याचे ठोके मंद केले, आणि ज्या पाण्यात ते हृदय होते ते पाणी दुसऱ्याला दिले. नस नसतानाही दुसरे हृदय मंदावले. नसेच्या टोकाशी एक रसायन स्रवते आणि तेच लगामाचे काम करते, हे १९२१ साली जगाला कळले. १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया गिळली. लोवी ज्यू म्हणून कैदेत पडले आणि त्या पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला. ज्या माणसाने हृदयाच्या लगामाचे गुपित सांगितले त्याच्या देशात सत्तेला मात्र लगाम उरला नव्हता.

इकडे हॉलंडात लायडन येथे आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तारेचे नाजूक विद्युन्मापक यंत्र सिद्ध केले. रोग्याने मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत दोन हात आणि एक पाय बुडवून बसायचे, आणि हृदयाची वीज आलेखावर उमटायची. कार्डिओग्राम तो हाच. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले. आता दोन ठोक्यांतले अंतर सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजता येऊ लागले. पण दवाखान्यात मोजीत कोण बसणार? शिवाय चार-दोन मिनिटांच्या कागदावर दिवसाची कहाणी कशी मावणार? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर या संशोधकाने हृदयाचा आलेख रेडिओने पाठविणारे यंत्र पाठीवर बांधण्याची युक्ती काढली. पहिले ओझे सुमारे ८५ पौंडांचे होते! ते कमी करीत करीत १९६१ पर्यंत त्याने माणूस कामधंदा करीत असताना तासन् तास आलेख घेण्याची सोय केली.

इथून पुढे या कथेला मरणाची किनार आहे. १९६३ साली अमेरिकेत हॉन आणि ली या दोघांनी गर्भातल्या बाळांच्या ठोक्यांचे आलेख तपासले. बाळ संकटात सापडले, तर ठोक्यांची सरासरी बदलण्याच्या आधीच ठोक्याठोक्यांमधल्या अंतरांचा चढउतार बदलतो, असे त्यांना आढळले. आकडा अजून ठीक आहे, आणि आत मात्र जीव गुदमरतो आहे! आज प्रसूतिगृहात बाळाच्या हृदयाचा कागद लांबवर चालू असतो, तेव्हा डॉक्टर त्याच्या रेघेचा खरखरीतपणाही पाहत असतात. रेघ सपाट झाली तर त्यांच्या कपाळावर आठी पडते.

मग पाळी आली मोठ्या माणसांची. १९७८ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी दाखविले, की हृदयविकाराचा झटका आलेल्या ज्या रोग्यांचे ठोके अधिक एकसारखे पडतात त्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते. १९८७ साली अमेरिकेत क्लायगर आणि त्यांचे सहकारी यांनी झटक्यातून वाचलेल्या ८०८ रोग्यांचे दिवसभराचे आलेख तपासले. ज्यांचा चढउतार पन्नास मिलिसेकंदांहून कमी, त्यांना मृत्यूचा धोका शंभराहून अधिक असणाऱ्यांच्या ५.३ पट होता. पन्नास मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. मिनिटाच्या पोतडीत शतकानुशतके दडलेले रहस्य ते हे.

लगाम तुटलेले हृदय कसे चालते, हेही माणसाने एव्हाना पाहिले होते. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. अवघ्या अडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तेच धाडस केले. रोगी काही तासच जगला. पण त्या रात्रीच्या हिमतीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुढे अशा शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्या, तेव्हा दिसले की बसविलेले हृदय बरेच जलद आणि जवळजवळ एकसुरी चालते. त्याच्या नसा कापलेल्या असतात. मालक श्वास घेतो, हसतो, दचकतो, पण त्याचे वर्तमान या नव्या भाडेकरूला लगेच पोहोचत नाही.

इथवरचा चढउतार श्वासाचा आणि काही सेकंदांच्या लाटांचा. परंतु चोवीस तासांत हृदय सुमारे एक लाख वेळा उडते. या लाख ठोक्यांच्या लांबलचक ओळीला काही मांडणी आहे का? हे समजायला आपल्याला हृदय सोडून नाईल नदीच्या काठी जावे लागेल.

हॅरल्ड हर्स्ट हा इंग्लंडातल्या एका खेड्यातील गवंडीकाम करणाऱ्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग शिकाऊ मास्तर म्हणून नोकरी, रात्री अभ्यासाचे वर्ग, आणि शेवटी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला हा माणूस आपल्या गोतातला वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. १९०६ साली तो इजिप्तला गेला आणि त्याचे उभे आयुष्य नाईलच्या पाण्याचा हिशेब करण्यात गेले. धरण केवढे बांधावे, म्हणजे दुष्काळी वर्षांतही पाणी पुरेल? कैरोजवळच्या रोडा बेटावरील पाणमापकाच्या नोंदी थेट इसवी सन ६२२ पासूनच्या मिळतात. दरसालचे पाणी नाणेफेकीसारखे स्वतंत्र असेल, तर वर्षे चौपट केल्यावर एकूण तूट आणि वाढावा यांची व्याप्ती दुप्पट व्हायला हवी. नाईलच्या हिशेबात ती अडीच पटींहूनही अधिक निघाली. म्हणजे ओल्या वर्षांमागे ओली वर्षे येण्याची आणि कोरड्यांमागे कोरडी येण्याची नदीला सवय होती. नदीला जणू दीर्घ आठवण होती. हर्स्टने हे १९५१ साली प्रसिद्ध केले. पुढे मँडेलब्रॉट या गणितज्ञाने त्याला बायबलातल्या योसेफाचे नाव दिले. सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची वर्षे येतील असे फेरोच्या स्वप्नाचे फळ सांगणारा तोच योसेफ.

नाईलचे हे गणित अखेर हृदयापाशी आले. १९८२ साली जपानात कोबायाशी आणि मुशा यांनी ठोक्यांतल्या अंतरांची तासन् तासांची ओळ तपासली, तेव्हा तिच्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा सर्व आकारांच्या लाटा एका ठराविक प्रमाणात मिसळलेल्या आढळल्या. १९९३ साली बोस्टनमध्ये पेंग, गोल्डबर्गर, स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी खोल पाहिले. निरोगी हृदयात आत्ताच्या बदलाचा संबंध हजारो ठोक्यांपूर्वीच्या बदलांशी लागतो. एकदा वेग चढला, तर पुढे केव्हातरी तो उतरण्याकडे कल होतो. घरातली जुनी माणसे उधारी लक्षात ठेवतात तशी हृदय ही देवघेव लक्षात ठेवते. दुबळ्या झालेल्या हृदयात ही लांबची आठवण बहुतेक नाहीशी होते. त्यातले बदल फाशांच्या दानासारखे एकमेकांशी बेपर्वा होऊन जातात.

म्हणजे जितकी अनियमितता अधिक तितके बरे असाही याचा अर्थ नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे कंपन सुरू झाले म्हणजे ठोके वाटेल तसे पडतात, चढउताराचा आकडा मोठा दिसतो, आणि तो रोग असतो. त्यातून पक्षाघात ओढवू शकतो. हल्ली मनगटी घड्याळे सकाळी उठल्याबरोबर हृदयाच्या चढउताराचा आकडा दाखवतात. वयाप्रमाणे, झोपेप्रमाणे, तापाप्रमाणे तो बदलतो. शेजाऱ्याचा साठ आणि आपला तीस म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. सरासरीच्या एका आकड्याने तीनशे वर्षे आपल्याला चकवले. आता चढउताराच्या एका आकड्याने पुन्हा चकून घेण्याचे कारण काय?

आपल्या देशाचा या कथेशी आणखी एक संबंध आहे. योगी हृदय थांबवू शकतात, असा लौकिक ऐकून १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच विदुषी कार्डिओग्रामचे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या. १९६१ साली वेंगर, बागची आणि आनंद यांनी आपल्या तपासणीचे फळ प्रसिद्ध केले. श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळल्याने मनगटावरची नाडी लागेनाशी होते, पण आतले हृदय चालूच असते, असे यंत्राने सांगितले. चमत्कार गेला. मात्र त्याच्या जागी काहीतरी राहिले. २००१ साली बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी तेवीस निरोगी माणसांना एकदा लॅटिन जपमाळ आणि एकदा 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, म्हणजे नेमका मायरच्या दहा सेकंदांच्या लाटेशी जुळला, आणि हृदयाचा चढउतार भरदार झाला. दोन दूरदूरच्या धर्मांतल्या भाविकांनी नकळत एकच लय पकडली होती. आजीच्या संथ जपाला शास्त्राचा दाखला हवा होता असे नाही, पण मिळाला तर ती हसून घेईल.

फराळ आटोपल्यावर घरातल्या एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला जवळ बसवा. त्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवा आणि त्याला सावकाश खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास आत जाईल तशी नाडी धावू लागेल, बाहेर येईल तशी रेंगाळेल. मुलांत हा फरक बोटांना सहज कळतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मोठ्या माणसाची नाडी मात्र श्वासाला न जुमानता वेडीवाकडी पडू लागली, तर वेळ न दवडता डॉक्टरला दाखवावी. बोटांखाली जी चाल लागते तिच्यात भटक्या नसेचा लगाम आहे, श्वासाची भरती-ओहोटी आहे, आणि नाईलच्या पाण्यासारखी लांबची आठवण आहे. घड्याळाला यांतले काहीच नसते; म्हणून ते बिचारे इतके बिनचूक चालते.